गण : नरवानर

आत्या पडली ती माकडामुळे, आणि डॉक्टरांनी निदान केलं तेही माकडाच्याच नावाने.

झालं असं, की एकादशीच्या आदल्या दिवशी आत्याने खिचडीच्या कुटासाठी दाणे भाजले आणि गार व्हायला गॅलरीत पेपरवर पसरले. तिचं घर मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला. गॅलरीसमोर झाडी, झाडीमागे डोंगर, आणि तो डोंगर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची मागची बाजू. आम्ही बोरिवलीकर तिला मागची म्हणतो. मुलुंडकरांच्या मते मागची बाजू आमची. आत्या चहा गाळायला आत गेली आणि परत येऊन बघते तर पेपरवर एक माकड ऐसपैस बसून दाणे भरत होतं. खात नव्हतं, भरत होतं. दोन्ही हातांनी, डाव्या-उजव्या गालात आळीपाळीने, वाण्याने पुडी भरावी तसं. आत्या लाटणं घेऊन धावली, उंबऱ्याशी पाय घसरला आणि ती होती तिथेच दाणकन खाली बसली. माकड उडी मारून कठड्यावर गेलं. तिथून त्याने वळून पाहिलं म्हणे. "अगदी ‘लागलं का हो?’ असं," आत्या सांगते.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, "फ्रॅक्चर नाही आजी. माकडहाडाला मार बसलाय."

आत्याने जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. संदिग्ध उत्तर तिला चालत नाही. "माकडहाड म्हणजे त्याचं की माझं?"

"तुमचंच," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी मधे भोक असलेली गोल गादी लिहून दिली. तीन आठवडे त्यावरच बसायचं. आत्या परतीच्या रिक्षात गप्प होती. घर आलं तेव्हा म्हणाली, "चोरी त्याने केली, आणि हाडाला नावही त्याचंच. हा कुठला न्याय?"

न्यायाचं मला माहीत नाही, पण नावात एक गंमत आहे. ज्या जागी आपल्याला माकडहाड असतं, त्या जागी माकडाला शेपूट असते. पाठीच्या कण्याच्या तळाशी तीन ते पाच मणके एकमेकांत मिसळून जो टोकदार तुकडा होतो, तो आपल्या गेलेल्या शेपटीचा उरलेला बुंधा. म्हणजे हे हाड माकडपणाचा नाही, तर माकडपण सुटल्याचा दाखला आहे. आईच्या पोटात चार-पाच आठवड्यांचे असताना आपल्या सगळ्यांना छोटीशी शेपटी असते. आठव्या आठवड्यापर्यंत ती विरून जाते. २०२४ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका संशोधनाप्रमाणे, सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी आपल्या कुठल्याशा पूर्वजाच्या टीबीएक्सटी नावाच्या जनुकात डीएनएचा एक आगंतुक तुकडा घुसला आणि तेव्हापासून आपल्या शाखेची शेपूट गेली. त्या तुकड्याच्या जातकुळीला ‘आलू’ म्हणतात. बटाट्याशी काही संबंध नाही, पण आत्याला हे सांगताना मला ते दोनदा स्पष्ट करावं लागलं, कारण मधे एकादशी होती.

मराठीने माणसाला दोन्ही टोकांनी माकडाशी बांधून ठेवलंय. खाली माकडहाड, वर माकडटोपी, आणि मधे जे काही घडतं त्याला माकडचेष्टा. जानेवारीत मुंबईचा पारा जरा उतरला की राष्ट्रीय उद्यानात पहाटे फिरायला येणारी सगळी ज्येष्ठ मंडळी माकडटोप्या चढवून निघतात. रस्त्याकडेच्या झाडावरून त्यांच्याकडे जे माकड बघत असतं त्याच्या डोक्यावर जन्मतःच टोपी असते: मधोमध भांग पाडल्यासारखे केस, डोक्यावर चक्राकार पसरलेले. इंग्रजीत त्याचं नाव बॉनेट मकाक, शास्त्रीय नाव मकाका रेडिएटा. लहानपणीच्या गोष्टीतल्या टोपीवाल्याच्या टोप्या पळवणारी माकडं ही नक्की नसणार. त्यांना टोपीची गरजच काय?

आत्या गादीवर बसली आणि तिच्या अंगात व्यवस्थापन शिरलं. तिच्या नातीसाठी स्थळं बघणं चालू आहे; बायोडाटा अजून नीट टाइप झालेला नव्हता. "तू आलायस, तर लॅपटॉप काढ," असा हुकूम झाला. मी रकाने वाचत गेलो, आत्या सांगत गेली.

नाव, जन्मवेळ, उंची झाली. मग आलं ‘गण’. देवगण, मनुष्यगण की राक्षसगण?

"मनुष्य," आत्या म्हणाली.

आणि माझ्या डोक्यात ते माकडहाड ठणकलं. कारण जीवशास्त्रालाही हाच रकाना भरायचा असतो. संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती: शाळेत ही उतरंड आपण घोकलेली असते आणि लग्नाच्या वयात ती पत्रिका होऊन पुन्हा समोर येते. शास्त्राच्या पत्रिकेत आपला गण मनुष्य नाही. इंग्रजीत ज्याला प्रायमेट्स म्हणतात त्या गणाला मराठी विश्वकोशाने नाव दिलंय ‘नरवानर गण’. नर आणि वानर, मधे स्वल्पविरामसुद्धा नाही.

"म्हणजे माझ्या नातीचा आणि त्या चोराचा गण एक?"

"गण एकच. कुल वेगळं."

"मग जुळतंय की," आत्या म्हणाली आणि गादीवर हसता हसता कळवळली.

हा गण प्रथम मांडला स्वीडनच्या कार्ल लिनियसने. सृष्टीतल्या प्रत्येक जिवाला दोन शब्दी नाव देणारा हा माणूस. त्याच्या पद्धतीत आडनाव आधी आणि नाव नंतर, शाळेच्या हजेरीपटासारखं. १७३५ साली त्याने माणसाला माकडांच्या आणि स्लॉथ नावाच्या महाआळशी प्राण्याच्या शेजारी बसवलं. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत या गणाला प्रायमेट्स हे नाव दिलं. अर्थ काय, तर अव्वल दर्जाचे. आमच्या लोकलच्या भाषेत फर्स्ट क्लास. त्या डब्यात त्याने चार जणांना जागा दिली: माणूस, माकडं, लेमूर आणि वटवाघूळ. पुढे तिकीट तपासणी कडक झाली आणि वटवाघळाला उतरावं लागलं. फर्स्ट क्लासमध्ये उलटं लटकायची परवानगी नसावी.

प्रत्येक प्राण्यासमोर लिनियसने ओळखखुणा लिहिल्या: दात किती, बोटं कशी. माणसासमोर त्याने फक्त लॅटिनमध्ये लिहिलं, ‘स्वतःला ओळख.’ बायोडाट्यात ‘अपेक्षा’ या रकान्यात काही लोक ‘अनुरूप’ एवढंच लिहितात, तसं. पण लिनियस टाळाटाळ करत नव्हता. १७४७ साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने विचारलंय, की माणूस आणि एप, म्हणजे चिंपांझीसारखे बिनशेपटीचे भाऊबंद, यांना वेगळं करणारी एक तरी पक्की शारीरिक खूण मला दाखवा. मला तर सापडत नाही. आणि हेही कबूल केलंय, की माणसाला सरळ एप म्हटलं असतं तर सगळं धर्मपीठ अंगावर आलं असतं. आपल्याकडे कुणी पंडित गमतीने ‘वानर’ या शब्दाची फोड ‘वा नर’ अशी करतात: हा माणूस तर नव्हे? स्वीडनमधल्या पंडिताला पडलेला प्रश्न आमच्या शब्दातच होता, प्रश्नचिन्हासकट.

शेवटी त्याने आपल्याला नाव दिलं होमो सेपियन्स, म्हणजे शहाणा माणूस. आपण स्वतःला दिलेलं प्रशस्तिपत्र. पुढे उपजात दाखवायला काही शास्त्रज्ञ ‘होमो सेपियन्स सेपियन्स’ लिहू लागले. शहाणा, आणि पुन्हा शहाणा. याला मराठीत नेमका शब्द आहे: दीडशहाणा.

बायोडाट्यात पुढचा रकाना वर्णनाचा. आत्याने तिथे वर्षानुवर्षांची सनातन ओळ सांगितली: नाकीडोळी नीटस. मी टाइप करताना थबकलो. हे वर्णन कुठल्याही नरवानराला लागू पडेल, कारण या गणाची सगळी वाटणीच नाक आणि डोळे बघून झालीय. डोळे दोन्ही समोर, म्हणून खोली कळते. फांदीचा अंदाज चुकला तर खाली सिमेंट नव्हतं तेव्हाही मरणच होतं. नाकाची गोष्ट तर फारच पुढे जाते. लेमूर आणि लोरिस यांचं नाक कुत्र्यासारखं ओलं. ते एका बाजूला. आपलं कोरडं, आपण दुसऱ्या बाजूला. मग कोरड्या नाकवाल्यांतही दोन तट. अमेरिकेतल्या माकडांच्या नाकपुड्या दूर दूर आणि बाजूला उघडणाऱ्या. आफ्रिका-आशियातल्या माकडांच्या आणि आपल्या जवळ जवळ आणि खाली उघडणाऱ्या. म्हणजे नाकाच्या हिशोबाने मुलुंडचं माकड आणि आत्या एका पक्षात, ब्राझीलचं माकड दुसऱ्या पक्षात. शेपटीने लटकणारी माकडं आपण चित्रांत बघतो ना, ती सगळी ब्राझीलच्या बाजूची. आपल्याकडच्या एकाही माकडाला शेपटीने लटकता येत नाही. बालवाडीच्या भिंतीवरचं चित्र परदेशी आहे.

यातून एक अडचण उभी राहते आणि ती फक्त शास्त्रज्ञांची नाही. ‘माणूस माकडापासून झाला’ असं कुणी म्हटलं की लगेच दुसरा सुशिक्षित माणूस त्याला दुरुस्त करतो: ‘नाही, माकड आणि माणूस यांचा पूर्वज एक.’ बरोबर आहे. मी माझ्या चुलतभावापासून जन्मलो नाही. आमचे पणजोबा एक. पण ते पणजोबा कसे दिसत होते? ब्राझीलच्या आणि मुलुंडच्या माकडांचा जो समाईक पूर्वज, तो माकडच होता. आणि आपण जन्मलो ते त्याच्याच मुलुंडकडच्या शाखेत, ब्राझीलची मंडळी वेगळी झाल्यानंतर. तेव्हा दोन्हीकडच्या भावकीला माकड म्हणायचं आणि मधल्या आपल्याला मात्र नाही, हे वंशावळीत बसत नाही. घरातल्या सगळ्यांनी एक आडनाव लावायचं आणि एकाने परदेशातून आल्यावर ते बदलायचं, त्यातला हा प्रकार.

"पण मग एप कोण?" आत्याने विचारलं. "माकड वेगळं, एप वेगळं असं तूच मघाशी म्हणालास. मराठीत एपला काय म्हणतात?"

मी अडखळलो. पुस्तकात ‘कपी’ म्हणतात, पण कपी म्हटलं की कुणाच्याही डोळ्यांसमोर शेपूटवालाच येतो. मराठी या बाबतीत आळशी आहे असं मात्र समजू नये. उलट इंग्रजी जिथे सरसकट ‘मंकी’ म्हणून मोकळी होते, तिथे मराठी गावकरी दोन शब्द वापरतो. लाल तोंडाचं ते माकड, काळ्या तोंडाचं लांब शेपटीचं ते वानर. माकडांच्या टोळीतल्या म्होरक्याची त्याला धास्ती वाटत नाही तेवढी वानरांच्या हुप्प्याची वाटते. आणि गंमत ही, की शास्त्रज्ञांनी पोटं चिरून, दात मोजून जी दोन उपकुलं केली ती याच रेषेवर. माकडाच्या गालात पिशव्या असतात. मिळालं ते आधी कोंबायचं आणि सुरक्षित जागी जाऊन सावकाश खायचं. वानराला गालपिशवी नाही. त्याऐवजी त्याचं पोटच कप्प्याकप्प्यांचं, गाईची आठवण व्हावी असं, कारण त्याला पानं पचवायची असतात. एकाचा डबा गालात, दुसऱ्याचा पोटात. बागायतदाराला हे उपकुल कळायला लॅटिन लागलं नाही. नारळ कोण पाडतो आणि कोवळा पाला कोण ओरबाडतो, एवढं बघणं पुरलं.

मग एपला शब्द का नाही? कारण एप इथे नव्हतेच. भारतात राहणारा एकच एप, तो हूलॉक गिबन, आणि तो ईशान्येत, ब्रह्मपुत्रेच्या दक्षिणेकडच्या रानांत. चिंपांझी आणि गोरिला आफ्रिकेत, ओरांगउटान सुमात्रा-बोर्निओत. त्या मलय शब्दाचा अर्थ ‘रानातला माणूस’. ज्याला आजोबा-पणजोबांनी पाहिलंच नाही त्याच्यासाठी शब्द कोण घडवणार?

"पण एक एप महाराष्ट्रात भरपूर आहे," मी म्हटलं.

"कोण?"

"शेपूट नाही, छाती रुंद, दोन्ही हात डोक्यावर नेऊन लटकता येतं. मराठीत त्याला माणूस म्हणतात."

आत्याने चष्मा काढून पुसला. हे तिचं शिक्षिकापण; उत्तर आवडलं तरी लगेच मार्क द्यायचे नाहीत.

कुलाचा रकाना भरताना मी तिला या घराण्याची कागदपत्रंही सांगितली. लिनियसनंतरच्या मंडळींना माणूस माकडांच्या डब्यात बसलेला बघवेना. फ्रान्सच्या क्यूव्हियेने माणसाला स्वतंत्र गण देऊन टाकला: दोन हातांचे; आणि माकडांना दुसरा: चार हातांचे. १८६३ मध्ये हक्सलीने हाडं समोर मांडून दाखवलं की माकडाचा पाय हा पायच असतो, हात नव्हे, आणि माणसाला पुन्हा जुन्या घरात आणलं. तरी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत होमिनिडे या कुलात माणूस एकटा राहत होता आणि चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांना शेजारचं कुल दिलेलं होतं. जणू माणसाचा टुमदार बंगला आणि बाजूला बाकीच्यांची चाळ. मग १९६० नंतर रक्तातली प्रथिनं तपासली गेली, पुढे डीएनए आलं, आणि निघालं असं की चिंपांझी गोरिलाला जितका जवळचा, त्याहून माणसाला जवळचा आहे. उपनगरात राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको: बंगला पाडला, चाळ पाडली, पुनर्विकास झाला. आज होमिनिडे या इमारतीत आठ जाती राहतात. ओरांगउटानच्या तीन, गोरिलाच्या दोन, चिंपांझी, बोनोबो आणि आपण. ओरांगउटानची तिसरी जात तर २०१७ सालीच वेगळी म्हणून नोंदली गेली. गिबन मंडळी शेजारच्या लहान इमारतीत. आणि मजा म्हणजे बोर्डावर नाव अजून आपलंच आहे. होमिनिडे, म्हणजे होमोचं कुल. चेअरमनपद कुणी सोडतं का?

नावांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. आपल्या काळ्या तोंडाच्या वानराला १७९७ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं ‘एंटेलस’. हा कोण? व्हर्जिलच्या महाकाव्यातला एक म्हातारा मुष्टियोद्धा. मग दुसऱ्या वानराला नाव दिलं प्रायम, ट्रॉयचा राजा. पुढे १९२८ साली हिमालयातल्या वानरांना हेक्टर आणि एजॅक्स. जो प्राणी शेकडो वर्षं मारुतीच्या नावावर नांदला, लंका जाळताना तोंड काळं झालं म्हणून ज्याची गोष्ट आजी सांगायची, त्याला साहेबाने रामायणातून उचलून ट्रॉयच्या युद्धात भरती केलं. लाल तोंडाच्या ऱ्हीसस माकडाचं नावही होमरच्या इलियडमधल्या एका राजाचं.

आणि याची भरपाई कुठे झाली? हिमालयाच्या पायथ्याला, शिवालिक टेकड्यांतल्या जीवाश्मांत. तिथे सापडलेल्या लाखो वर्षांपूर्वीच्या एपच्या जबड्याला १९१० मध्ये नाव दिलं गेलं शिवापिथेकस. मग अमेरिकेतून आलेल्या लुईस या तरुणाला १९३२ मध्ये आणखी तुकडे सापडले आणि त्याने १९३४ मध्ये नावं ठेवली रामापिथेकस, ब्रह्मापिथेकस आणि सुग्रीवपिथेकस! जिवंत वानरांना ग्रीक नावं आणि मेलेल्या एपना आपल्या देवांची. पुढे काही वर्षं रामापिथेकस हा माणसाचा थेट पूर्वज मानला गेला, पाठ्यपुस्तकांतही बसला. १९८० च्या सुमारास जास्त पुरावा मिळाला तेव्हा दिसलं की तो माणसाचा पूर्वज नव्हे, ओरांगउटानच्या नात्यातला आहे आणि शिवापिथेकसहून वेगळाही नाही. तेव्हा रामापिथेकस हे नाव शिवापिथेकसमध्ये विलीन करण्यात आलं. शैव-वैष्णव वाद इतक्या शांतपणे मिटल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

"रक्तगट राहिला," आत्या म्हणाली. "बी पॉझिटिव्ह."

इथेही माकड होतंच. हे जे ‘पॉझिटिव्ह’ आहे ते आरएच पॉझिटिव्ह, आणि आरएच म्हणजे ऱ्हीसस. १९४० मध्ये लँडस्टायनर आणि वीनर यांनी ऱ्हीसस माकडाच्या रक्तपेशी वापरून केलेल्या प्रयोगातून हा घटक नावारूपाला आला. पुढे कळलं की माकडाचा तो घटक आणि आपला तंतोतंत एक नाही. पण एकदा चिकटलेलं नाव सुटत नाही, हे घरोघरच्या बबड्या-छकुल्यांना विचारा. १९५५ साली आलेली साल्कची पोलिओ लसही याच माकडांच्या मूत्रपिंडातल्या पेशींवर विषाणू वाढवून तयार झाली होती. भारतातून हजारोंनी माकडं प्रयोगशाळांकडे निर्यात व्हायची. ती १९७८ मध्ये बंद करण्यात आली. आत्या हे ऐकून काही बोलली नाही. तिच्या वर्गात पोलिओने पाय गेलेली मुलं असायची. थोड्या वेळाने म्हणाली, "मूठभर दाण्यांचं मी उगाच मनावर घेतलं."

तेवढ्यात ते आलं. आत्या म्हणाली तेच; मला सगळी सारखी दिसतात, तिला वर्गातली मुलं ओळखायची सवय आहे. खिडकी या वेळी बंद होती. ते समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर बसलं. गाल दोन्हीकडून फुगलेले, गालगुंड झाल्यासारखे. मग त्याने हाताची मागची बाजू गालावर टेकवून हळूच आत ढकलली, गालातला ऐवज तोंडात आला, चावलं, गिळलं. पुन्हा ढकललं. घाई अजिबात नाही. कुणाच्या तरी गॅलरीतला माल, पण ऑफिसात डबा उघडून बसलेल्या माणसाची शांतता. खाली एक गाडी थांबली, कुणी काच खाली करून केळं दाखवलं. शनिवार होता, पुण्याचा वार. वनखात्याने ‘माकडांना खाऊ घालू नका’ असे फलक लावलेत, पण फलक माणसांसाठी असतात, आणि पुण्य करताना माणूस वाचत नाही. मग आयतं खायची सवय लागलेलं तेच माकड स्वयंपाकघरात शिरलं की आपण त्याला चोर म्हणतो.

"ते बघ कसं बसलंय," आत्या म्हणाली, "तापलेल्या सिमेंटवर. आणि मला इथे रबरी गादी."

"त्याच्या बुडाला जन्मतःच जाड घट्टे असतात. बसायच्या गाद्याच. आपल्या एप मंडळींच्या त्या बहुतेक गेल्या."

आत्याने बोटं मोजली. "म्हणजे त्याला शेपूट. त्याला गालात डबा. त्याला गादी अंगचीच. डोक्याला टोपीही. आणि आपल्याला काय राहिलं? नुसतं हाड, तेही दुखरं."

"आणि खांदा."

"कसला खांदा?"

"ते मी जाताना दाखवेन."

बायोडाट्यात शेवटचा रकाना होता नातेसंबंध: काका, मामा, पाहुण्यांची आडनावं, गावं. आत्याने सांगितलं, मी लिहिलं. टाकीकडे दोघांनीही एकदा पाहिलं आणि दोघांनीही काही सुचवलं नाही. बायोडाटा एका पानातच बसायला हवा होता.

निघताना आत्या म्हणाली, "घरची खिडकी लावून आलायस ना? तू दादरला वळसा घालून पोचेपर्यंत तो डोंगरावरून सरळ तुमच्याकडे जाईल." भूगोल तिचा पक्का आहे. मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये फक्त ते उद्यान आहे: सुमारे १०४ चौरस किलोमीटर रान, त्यात विहार आणि तुळशी हे दोन तलाव आणि कान्हेरीची लेणी. माणसाला मात्र दक्षिणेकडे दादरला जायचं, पूल चढायचा, गाडी बदलायची आणि पुन्हा उत्तरेला यायचं. दीड तास. आता डोंगराखालून बोगदे खणणं चाललंय. म्हणजे माकडाला जे शेपूट वर करून जमतं, त्यासाठी आपण हजारो कोटी खर्च करतोय. आणि त्या रानात टोपीवाली माकडं आहेत, ऱ्हीससही आहेत, काळ्या तोंडाची वानरंही. टोपीवालं मूळचं दक्षिणेकडचं, ऱ्हीसस उत्तरेकडचं, आणि गेल्या काही दशकांत उत्तरेचं दक्षिणेकडे सरकत आलंय. मुंबईत मूळचं कोण हा प्रश्न त्यांच्यातही सुटलेला नाही. फक्त ते त्यावर सभा घेत नाहीत.

दादरला विरार गाडीत शिरलो, म्हणजे शिरवलो गेलो. हात वर गेला आणि हँडल सापडलं. आत्याला जे दाखवायचं राहिलं ते हे. माकड फांदीच्या वरून चार पायांवर चालतं. त्याची छाती अरुंद, खांद्याची पाती बाजूला. एप फांदीखाली लटकतो. त्याची छाती रुंद, पाती पाठीवर, खांदा चहूकडे फिरणारा. आजूबाजूला शंभरेक जण उजवा हात डोक्यावर नेऊन लटकले होते. कुणी दुसऱ्या हाताने मोबाइल बघत होता, कुणी डोळे मिटून झोपलाही होता, पण हात सुटत नव्हता. आपला पूर्वज झाडावरून कधी उतरला यावर पुस्तकं लिहिली गेलीत. दादर ते बोरिवली प्रवास केला तर वाटतं, तो अजून पूर्ण उतरलेला नाही.

घरी पोचलो. आमची इमारत बोरिवली पूर्वेला, उद्यानाच्या पुढच्या बाजूला. मुलुंडकर काहीही म्हणोत. स्वयंपाकघराची खिडकी लावलेली होती. खिडकीबाहेर, पत्र्याच्या छज्ज्यावर, मधोमध भांग पाडलेलं एक माकड बसलं होतं. गाल दोन्हीकडून फुगलेले. माझ्याकडे न बघता त्याने हाताची मागची बाजू गालावर टेकवली आणि हळूच ढकललं.

मी आत्याला फोन लावला.

"पोचला."

"कोण, तू?"

"दोघंही."